सोव्हिएत संघानंतरचा लाल बावटा

इ. स. १९९१ हे वर्ष महाराष्ट्रातील कम्युनिस्टांच्या दृष्टीने दुहेरी वियोगाचे ठरले. त्या वर्षीच्या २२ मे रोजी श्रीपाद अमृत डांगे मुंबईत निवर्तले आणि २५ डिसेंबरच्या रात्री मॉस्कोतील क्रेमलिनवरून सोव्हिएत संघाचे निशाण खाली उतरले. डांगे यांना त्यांच्याच पक्षाने दहा वर्षांपूर्वी दूर केले होते. सोव्हिएत संघाचा त्याग तर त्याच्याच घटक राज्यांनी केला होता. १९२० नंतरच्या काळात मुंबईच्या गिरण्यांतून ज्या चळवळीचा आरंभ झाला, तिचा आद्य पुढारी आणि तिचे दूरचे तीर्थक्षेत्र ही दोन्ही एकाच वर्षात नाहीशी झाली. आता लाल बावटा गुंडाळून ठेवला जाणार, असे भाकीत त्या वेळी पुष्कळांनी केले.

भाकीत पुरते खरे झाले नाही. रशियातही लाल बावटा राहिला आणि महाराष्ट्रातही राहिला. दोन्हीकडे तो विरोधी पक्षाच्या हाती राहिला. परंतु दोन्हीकडचे राहणे सारखे नव्हते. रशियात त्याच्यामागे कोट्यवधी मते होती, तरी राज्यकर्त्यांना त्याची धास्ती दिवसेंदिवस कमी वाटू लागली. महाराष्ट्रात त्याच्यामागे विधानसभेतील एखाददुसरी जागा उरली, तरी एका मार्च महिन्यात त्याने सरकारला आपल्या दारी बोलावून लेखी उत्तर देण्यास भाग पाडले. हा विरोधाभास कसा घडला, हे पाहिले म्हणजे लोकशाहीत विरोधी पक्ष नेमका कशासाठी असतो, या प्रश्नावरही थोडासा प्रकाश पडतो.

प्रथम रशियाकडे वळू. १९९१ च्या ऑगस्टमधील फसलेल्या उठावानंतर अध्यक्ष येल्त्सिन यांनी कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. पुढील वर्षी तेथील घटना न्यायालयाने निर्णय दिला की, पक्षाच्या मध्यवर्ती संस्थांवरील बंदी योग्य असली, तरी गावोगावच्या प्राथमिक शाखांना पुन्हा एकत्र येण्यास प्रत्यवाय नाही. या निर्णयाच्या आधारे फेब्रुवारी १९९३ मध्ये रशियन संघराज्याचा कम्युनिस्ट पक्ष पुन्हा उभा राहिला आणि गेन्नादी झ्युगानोव्ह त्याचे नेते झाले. चौऱ्याहत्तर वर्षे ज्या पक्षाला विरोधी पक्ष म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यालाच आता विरोधी पक्षाची भूमिका शिकावी लागली.

काळ त्याला अनुकूल होता. जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरील नियंत्रणे उठविण्यात आली आणि पाहता पाहता वृद्धांच्या आयुष्यभराच्या ठेवी कवडीमोल झाल्या. शिक्षकांना व खाणकामगारांना महिनोन् महिने पगार मिळेनात. राष्ट्राचे कारखाने मूठभरांच्या हाती गेले. या वंचितांनी डिसेंबर १९९५ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांना २२ टक्क्यांहून अधिक मते दिली आणि ४५० सभासदांच्या दूमा या सभागृहात १५७ जागा मिळवून तो सर्वांत मोठा पक्ष झाला. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या फेरीत येल्त्सिन यांना ३५ टक्के व झ्युगानोव्ह यांना ३२ टक्के मते पडली. दुसऱ्या फेरीत मात्र धनिकांचा पैसा व दूरचित्रवाणी येल्त्सिन यांच्या बाजूस एकवटली आणि ३ जुलै रोजी ५४ विरुद्ध ४० अशा टक्केवारीने झ्युगानोव्ह पराभूत झाले.

एवढ्या मोठ्या पक्षाला सभागृहात तरी काही साधता आले काय? येथे राज्यघटनेचा प्रश्न येतो. डिसेंबर १९९३ मध्ये स्वीकारलेल्या घटनेने सत्तेचे सारे दोर अध्यक्षाच्या हाती दिले होते. पंतप्रधानपदाचा उमेदवार दूमाने तीनदा नाकारला, तर दूमाच बरखास्त होई. एप्रिल १९९८ मध्ये किरियेंको या तरुण उमेदवाराला सभागृहाने दोनदा नाकारले. तिसऱ्या वेळी मात्र स्वतःच्या जागा जाण्याचे भय आड आले आणि मान्यता मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रूबल कोसळला. तेव्हा प्रिमाकोव्ह यांच्या मंत्रिमंडळात कम्युनिस्ट नेते मास्ल्युकोव्ह पहिले उपपंतप्रधान झाले. दूमातील सर्वांत मोठा गट असूनही सरकारात वाटा मिळण्याचा हा एवढाच लक्षणीय प्रसंग. मे १९९९ मध्ये येल्त्सिन यांच्यावरील महाभियोगाचा ठराव मतास आला. ३०० मते हवी होती. चेचेन युद्धाच्या आरोपावर सर्वाधिक, म्हणजे २८३ मते पडली. ठराव फेटाळला गेला.

पण या पक्षाच्या ऱ्हासाचे खरे कारण घटनेत शोधून भागणार नाही. पक्षाचे मुख्य भांडवल होते ती स्मृती : महायुद्धातील विजयाची, गेलेल्या महासत्तेची, निश्चित पगाराची व स्वस्त भाकरीची. आणि स्मृतीचे असे असते की, ती दुसऱ्यालाही आपलीशी करता येते. डिसेंबर २००० मध्ये नवे अध्यक्ष पुतिन यांनी सोव्हिएत राष्ट्रगीताची चाल नव्या शब्दांसह परत आणली. ९ मे चा विजयदिन राज्याचा सर्वांत मोठा सोहळा झाला. प्रबळ रशियाची भाषा, जी झ्युगानोव्ह सभांतून बोलत, तीच आता क्रेमलिनमधून ऐकू येऊ लागली. तेलाचे भाव चढले, पगार वेळेवर मिळू लागले आणि २००३ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांची मते साडेबारा टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपली. त्यांचे भांडवल राज्यकर्त्यांनी बिनव्याजी उचलले होते.

त्यानंतर या पक्षाला जी जी उभारी आली, ती स्मृतीच्या बळावर नव्हे. २०१८ साली सरकारने निवृत्तीचे वय वाढविण्याचा कायदा आणला, तेव्हा कम्युनिस्टांनी त्याला सभागृहात व रस्त्यावर विरोध केला. त्याच वर्षी खाकासिया या सायबेरियातील प्रांताचे प्रमुखपद त्यांच्या तरुण उमेदवाराने जिंकले. २०२१ मध्ये पक्षाची मते पुन्हा १९ टक्क्यांच्या जवळ गेली आणि ५७ जागा हाती आल्या. वृद्धाच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न हाती घेताच पक्षात धुगधुगी आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परंतु राष्ट्राच्या वैभवाचा प्रश्न निघताच तोच पक्ष राज्यकर्त्यांच्याही पुढे धावला. जानेवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या पूर्वेकडील दोन फुटीर प्रदेशांना मान्यता द्यावी, असे आवाहन अध्यक्षांना करणारा ठराव दूमात आणला तो कम्युनिस्टांनीच. युद्धाविरुद्ध उघड बोलणारे त्यांचे प्रतिनिधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. ज्या प्रश्नावर राज्यकर्त्यांना विरोधाची सर्वाधिक अडचण झाली असती, त्याच प्रश्नावर विरोधी पक्ष मौन धरतो, नव्हे टाळ्या वाजवितो, अशी ही अवस्था आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. येथे एक समजूत प्रथम दूर केली पाहिजे. सोव्हिएत संघ बुडाला म्हणून महाराष्ट्रातील कम्युनिस्ट चळवळ बुडाली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तिची मुंबईतील ओहोटी त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तिच्या भरतीचा काळ म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा लढा. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि कम्युनिस्ट एकत्र बसले. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने गिरणगावच्या चाळी जागत्या ठेवल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. विरोधी पक्षांनी सत्तेवर न येता सत्तेकडून एवढी मोठी मागणी मान्य करून घेतल्याची उदाहरणे आपल्या देशात फार नाहीत.

मात्र मागणी पुरी झाली आणि समितीचे प्रयोजन संपले. चिनी आक्रमणाने पक्षात दुही माजविली. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. मराठी अस्मितेचे जे निखारे समितीने फुलविले होते, त्यांवर पुढे शिवसेनेने आपली चूल पेटविली. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेवरील पोटनिवडणूक जिंकून शिवसेनेने आपला पहिला आमदार विधानसभेत पाठविला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाचे नेतृत्व दत्ता सामंत यांच्याकडे होते. लाल बावट्याची जुनी युनियन तेव्हा बाजूला पडली होती. त्या संपातून गिरणगाव पुन्हा सावरला नाही. म्हणजे मॉस्कोत निशाण उतरले, तेव्हा परळ-लालबागमधील निशाण आधीच अर्ध्यावर आलेले होते.

ते टिकले ते अनपेक्षित ठिकाणी. त्यासाठी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडे, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी या भागाकडे पाहिले पाहिजे. या डोंगराळ मुलखात वारली आदिवासी जमीनदारांच्या शेतावर वेठ करीत. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या घरी राबावयाचे, अशी रूढी होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या सांगण्यावरून त्यांनी ठरविले की, यापुढे फुकट राबावयाचे नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात त्यांची माणसे मारली गेली. परंतु वेठ पुन्हा आली नाही. गोदावरीबाईंनी ही कथा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली आहे.

गोदावरीबाई १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये वारल्या. सोव्हिएत संघाचा अंत त्यांनी पाहिला. पण तलासरीच्या वारल्याने लाल बावटा धरला होता, तो मॉस्कोकडे पाहून नव्हे. ज्यांनी आपल्याला वेठीतून सोडविले त्यांचे ते निशाण, एवढाच त्याचा अर्थ त्याच्या लेखी होता. म्हणून क्रेमलिनवरचे निशाण उतरले, तरी त्याच्या झोपडीवरचे उतरविण्याचे कारण त्याला दिसले नाही. पक्षाच्या पंडितांनी जानेवारी १९९२ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात सोव्हिएत पतनाची मीमांसा केली. तलासरीला मीमांसेची निकड नव्हती. तिला जमिनीची होती.

जमिनीचा प्रश्न वेठीच्या पुढचा आणि अधिक गुंतागुंतीचा होता. पालघर, नाशिक, नंदुरबार या जिल्ह्यांत आदिवासी पिढ्यान् पिढ्या जी जमीन कसत, ती सरकारी दप्तरात वनखात्याची. त्यामुळे कसणारा हा दप्तराच्या भाषेत ‘अतिक्रमणदार’. त्याला सातबारा नाही; सातबारा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, आणि वनरक्षकाची मर्जी फिरली तर उभे पीकही नाही. २००४ साली लोकसभेत डाव्या पक्षांचे साठाच्या आसपास सभासद निवडून आले आणि केंद्रातील सरकार त्यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभे राहिले. त्या काळात, २००६ च्या डिसेंबरमध्ये, वनहक्क मान्य करणारा कायदा संसदेत संमत झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरांच्या मर्यादेत त्या जमिनीचा हक्क मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. कागदावर तरी ‘अतिक्रमणदार’ हा शब्द जाऊन ‘हक्कदार’ हा शब्द आला.

परंतु कायदा आणि अंमल यांत मोठे अंतर असते. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीने तपासावयाचा, उपविभागीय समितीकडे पाठवावयाचा आणि जिल्हास्तरीय समितीने निर्णय द्यावयाचा. या तीन पायऱ्यांवर हजारो दावे अडले; पुष्कळ फेटाळले गेले; कित्येकांना दहा एकर कसत असताना काही गुंठ्यांचा पट्टा मिळाला. जुन्या काळची वेठ डोळ्यांना दिसे. ही नवी अडवणूक दिसत नव्हती, कारण ती कागदाच्या थप्पीत दडलेली होती.

तिला डोळ्यांसमोर आणले ते ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या किसान सभेच्या पदयात्रेने. अशोक ढवळे, कळवणचे आमदार जिवा पांडू गावित, अजित नवले ही मंडळी तिच्या अग्रभागी होती. १८० किलोमीटरांची वाट, मार्चचे ऊन, डोक्यावर लाल टोप्या, डांबरी रस्त्याने सोलवटलेले पाय. वाटेत माणसे मिळत गेली आणि मुंबईत शिरताना त्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. ११ मार्चला संध्याकाळी मोर्चा शीवच्या सोमय्या मैदानावर थांबला. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी मोर्चा निघाल्यास मुलांची वाट अडेल, म्हणून थकलेल्या पायांनी ते हजारो लोक रात्रीच पुन्हा उठले आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानावर जाऊन बसले. मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर आले. ज्या शिवसेनेने गिरणगावातून लाल बावट्याला उखडले होते, तिच्या नेत्यांनीही मोर्चाची भेट घेऊन पाठिंबा दिला. १२ मार्च रोजी सरकारने बहुतेक मागण्या मान्य केल्याचे लेखी दिले. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे त्यात कबूल केले.

त्या दिवशी २८८ सभासदांच्या विधानसभेत या पक्षाचा आमदार होता एकच. दूमातील १५७ सभासदांना जे महाभियोगाच्या मताने साधले नाही, ते येथे एका आमदाराच्या पक्षाने साधले, असे म्हटल्यास ते काहीसे अलंकारिक होईल. कारण दोन्ही गोष्टींचे वजन सारखे नाही. तथापि फरकाचे मर्म त्यात आहे. येथे मोर्चेकऱ्यांच्या हातात मागणी होती आणि ती मागणी अशी होती की, राज्यकर्त्यांना ती पुरी करावी लागेल किंवा नाकारावी लागेल. ती नुसती गौरवून चालणार नव्हते.

सोलापूरचे उदाहरणही याच जातीचे आहे, पण त्यात एक पेच आहे. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या या शहरातून नरसय्या आडम, ज्यांना सारे सोलापूर ‘मास्तर’ म्हणून ओळखते, १९७८, १९९५ व २००४ अशा तीन वेळा विधानसभेवर गेले. त्यांच्या प्रयत्नाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत कुंभारी येथे उभी राहिली. तिला गोदावरीबाईंचे नाव दिले गेले आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. त्यानंतर तीस हजार घरांची रे नगर ही योजना निघाली. जानेवारी २०१९ मध्ये तिच्या समारंभात आडम यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची प्रशंसा केली, तेव्हा त्यांच्या पक्षाने त्यांना मध्यवर्ती समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. जानेवारी २०२४ मध्ये तेथील पंधरा हजार घरे मोदी यांच्याच हस्ते दिली गेली. घर मिळवावयाचे तर सरकारशी बोलावे लागते. बोलताना विरोधाची धार बोथट होऊ द्यावयाची नाही, हे विरोधी पक्षाचे सनातन दुखणे आहे. पक्षाला आपले म्हणणे योग्य वाटले असेल. परंतु भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेलेल्या विडी कामगार बाईला या वादात फारसे स्वारस्य नसणार, हेही उघड आहे.

या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सहा महिन्यांचा वायदा पाळला गेला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला व नव्या आश्वासनावर मागे घेतला गेला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसरा मोर्चा निघाला. कांद्याच्या भावाबरोबर वनजमिनीची जुनी मागणी त्यात होतीच, आणि तो वाशिंदला थांबविण्यात आला. ज्यांनी २०१८ चा मोर्चा चालविला, त्या गावितांना पुढच्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीत पराभव पत्करावा लागला. डहाणूची एक जागा मात्र विनोद निकोले यांनी २०१९ व २०२४ अशी दोन्ही वेळा जिंकली. मोर्चाला चपला देणारी मुंबई मत देताना दुसरीकडे वळली. जातीच्या प्रश्नाकडे या चळवळीने फार उशिरा लक्ष दिले आणि गिरणी गेल्यावर शहरातील असंघटित कामगाराला बांधून ठेवण्याची युक्ती तिला सापडली नाही, ही टीकाही निराधार म्हणता येत नाही.

स्मृती आणि मागणी यांतला भेद एका प्रसंगाने अधिक स्पष्ट होईल. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी वाङ्मयाच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. अनावरण केले ते महाराष्ट्राचे त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी. अण्णा भाऊंचा पक्ष सत्तेवर ना मॉस्कोत होता, ना मुंबईत. तरी सन्मान दोन्ही राजवटींनी आनंदाने केला. यात वावगे काही नाही. मोठ्या साहित्यिकाचा मान सर्वांनी राखावा हे योग्यच. परंतु याच फडणवीसांच्या मंत्रिमंडळाला चार वर्षांपूर्वी आझाद मैदानावरच्या माणसांना पुतळा देऊन परत पाठविता आले नव्हते. त्यांना सातबारा हवा होता.

रशियातील पक्षाने स्मृती जतन केली आणि राज्यकर्त्यांनी ती त्याच्याकडून काढून घेतली. निवृत्तिवेतनासारखी मागणी त्याने धरली तेव्हाच लोक त्याच्याकडे वळले. महाराष्ट्रातील पक्ष आकाराने लहान होत गेला. पण जेथे जेथे त्याने एखाद्या माणसाचा अडलेला कागद हाती धरला, तेथे तो जिवंत राहिला. विरोधी पक्षाचे माप सभागृहातील बाकांवरून काढण्याची आपली रीत आहे आणि ती सोयीची आहे. पण कोणत्या प्रश्नाचे उत्तर टाळणे त्याने सरकारला अशक्य केले, हे दुसरे माप अधिक खरे होय. सुरगाण्याच्या डोंगरात आजही कोणी शेतकरी आपल्या वनहक्काच्या दाव्याची पोच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचून ठेवीत असेल. त्या पोचेचे उत्तर येईपर्यंत त्याच्या गावात कोणता ना कोणता झेंडा लागणारच.